चार मिनिटांचा भूतकाळ

‘तेव्हा असे केले असते तर!’ हा मनुष्याचा जुनाच उसासा आहे. जपानी लेखक-दिग्दर्शक शू ताकुमी यांनी त्यावरच ‘घोस्ट ट्रिक’ हा कथाप्रधान व्हिडिओ खेळ रचला. कॅपकॉम कंपनीने २०१० साली तो जपानमध्ये निन्टेंडो डीएस ह्या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्तीही निघाली.

कथानायक सिसेल आरंभीच मृत आहे आणि आपण कोण, हे त्याला स्मरत नाही. एखाद्याच्या मृत्यूपूर्वीच्या चार मिनिटांत परतण्याची शक्ती मात्र त्याला लाभली आहे. तिलाही मर्यादा आहे. माणसांवर त्याची सत्ता चालत नाही. जवळच्या सायकलीत वा दिव्यात शिरून ती वस्तू किंचित हलवावी, एवढेच त्याच्या हाती. विनाश टळतो तो अशा क्षुद्र हालचालींनीच!

खरी कसोटी शेवटी लागते. दहा वर्षांपूर्वी योमिएल नावाच्या संशयिताने एका मुलीला ओलीस धरले होते आणि तेथेच उल्केच्या तुकड्याने त्याचा बळी घेतला होता. त्या क्षणी परतल्यावर सूडाने पेटलेला योमिएल स्वतःच तिला वाचवतो. भूतकाळ बदलतो, पण त्याचा अपराध पुसला जात नाही. तो तुरुंगवास भोगतो.

गतकाळ सुधारणे म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे, तर तिचा स्वीकार होय, हेच ह्या खेळाचे मर्म. वास्तवात गेलेली चार मिनिटे कोणालाच परत मिळत नाहीत. स्वीकाराची वाट मात्र सर्वांनाच मोकळी आहे.