समाजमाध्यमे, खुली माहिती आणि नागरी स्थानिक संस्थांचे धोरण

प्रस्तावना :
74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी अमलात आली आणि नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. बाराव्या अनुसूचीत रस्ते, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा यांसह 18 विषयांचा समावेश करण्यात आला. या विषयांवर निर्णय घेताना नागरिकांची गरज कशी ओळखावी, हा प्रशासनापुढील जुनाच प्रश्न आहे. समाजमाध्यमे आणि खुली माहिती अर्थात ओपन डेटा ही त्यासाठीची दोन नवी साधने होत. प्रस्तुत लेखात त्यांचे स्वरूप व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

माहितीचे दोन प्रवाह :
खुली माहिती प्रशासनाकडून नागरिकांकडे जाते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी स्वतःहून माहिती प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. मात्र अंदाजपत्रकाची छायाप्रत संकेतस्थळावर ठेवणे म्हणजे माहिती खुली करणे नव्हे. ज्या तक्त्याची संगणकावर बेरीज, वर्गीकरण व तुलना करता येते आणि ज्याच्या पुनर्वापरास मुभा असते, तीच खुली माहिती होय.

समाजमाध्यमांतील प्रवाह याच्या उलट दिशेने वाहतो. नागरिकाने टाकलेल्या छायाचित्रातून तक्रारीचे स्थळ व वेळ कळते. 2016 मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेले ‘स्वच्छता’ अ‍ॅप याच तत्त्वावर आधारित आहे. एकाच चौकातून महिनोन्महिने कचऱ्याची तक्रार येत असेल, तर तो केवळ सफाईतील हलगर्जीपणा नसून घंटागाडीची वेळ किंवा मार्ग चुकल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी तक्रार निवारणाचे रूपांतर धोरणात होते.

प्रातिनिधिकतेचा प्रश्न :
तक्रारींची संख्या हे गरजेचे मोजमाप मानणे मात्र धोक्याचे आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील 57.1 टक्के पुरुषांनी, तर केवळ 33.3 टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. सार्वजनिक नळावर रांगेत उभ्या राहणाऱ्या स्त्रीची अडचण म्हणूनच समाजमाध्यमांवर उमटेलच असे नाही.

अमेरिकेतील बोस्टन शहराचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे ‘स्ट्रीट बम्प’ हे अ‍ॅप मोटारीला बसणाऱ्या हादऱ्यांवरून रस्त्यातील खड्डे नोंदवीत असे. गरीब व वृद्ध नागरिकांकडे स्मार्टफोन कमी असल्याने त्यांच्या वस्त्यांतील खड्डे नोंदीबाहेर राहण्याचा संभव होता. म्हणून शहराच्या सर्व भागांत फिरणाऱ्या रस्ते-निरीक्षकांच्या हाती ते प्रथम देण्यात आले.

निष्कर्ष :
दोन्ही साधने परस्परपूरक आहेत. प्रभागनिहाय तक्रारी आणि प्रभागनिहाय लोकसंख्या, पाण्याचे तास व शौचालयांची संख्या शेजारी शेजारी मांडल्यास सुविधाही कमी आणि तक्रारीही कमी असलेले प्रभाग उघड होतात. तेथील मौनाला समाधान न समजता प्रशासनाने तेथे प्रत्यक्ष पाहणी करावी. तंत्रज्ञानामुळे बोलणाऱ्यांचा आवाज मोठा होतो. न बोलणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याची जबाबदारी मात्र स्थानिक संस्थेकडेच राहते.