सात बाजूंचा आवाज आणि आपले दोन कान

गेल्या महिन्यात नंदुरबार येथे एक बांधव आम्हांस भेटावयास आले. मुलगा अकरावीत, वसतिगृहात राहतो. संगणकावरील खेळासाठी त्याला 'सेव्हन पॉइंट वन'चा हेडफोन हवा होता. दुकानदार म्हणाला, यातून सात बाजूंनी आवाज येतो. शिष्यवृत्तीच्या पैशांतून तो घ्यावा काय, असा त्यांचा प्रश्न.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. आम्ही वाणिज्य शाखेचे, तरी मुलाला सोबत घेऊन खोक्यावरील माहिती वाचली. प्रत्येक कानाला एकच स्पीकर! मग सात बाजू आल्या कोठून?

काठीच्या होळीत अंधारातही ढोल कोणत्या अंगाने येतो, हे आपण न पाहता सांगतो. कान तर दोनच. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो. डाव्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने मागाहून, आणि मध्ये डोके आल्याने थोडा मंद. पुढचा-मागचा व वरचा-खालचा भेद बाहेरच्या कानाच्या वळणांमुळे कळतो.

संगणक हाच हिशेब मांडतो. खेळात पाऊल कोठे वाजले, खेळाडूचे तोंड कोणीकडे, अंतर किती, हे पाहून तो दोन कानांना दोन निरनिराळे आवाज देतो. ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटसाठी १९३१ साली अर्ज केला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑरियल कंपनीच्या 'ए-थ्री-डी' तंत्राने खेळांत दिशेचा हिशेब आणला. २०१७ पासून विंडोज १० मध्ये 'विंडोज सॉनिक' ही सोय विनामूल्य मिळू लागली. सात स्पीकर खोलीत भोवती मांडणे ही गोष्ट वेगळी.

आम्ही मुलाला त्याचा जुना, साधा हेडफोन लावून डोळे मिटावयास सांगितले आणि ही सोय सुरू केली. पावलांचा आवाज येताच त्याने डावी-उजवी बाजू अचूक दाखविली; पुढे-मागे मात्र दोनदा चुकला. प्रत्येकाच्या कानाची ठेवण निराळी, संगणकाचा हिशेब सरासरी कानाचा, म्हणून असे होते. महागड्या हेडफोननेही ही अडचण सहसा सुटत नाही.

माता-पित्यांनी आवाजाच्या पातळीकडेही लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे, मुलांसाठी ७५. गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही.

मुलांना खेळू नका म्हणून भागणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. त्याची कथा देवदेवतांची आहे. आपल्या वस्तीच्या कथा आपल्या मुलांनी रचाव्यात. खेळ तयार करण्याचे 'गोडो' हे साधन फुकट मिळते, त्यात आवाजाला दिशा देता येते. हेडफोनचा हट्ट सोडून तो मुलगा आता त्रिकोणमितीबद्दल विचारू लागला आहे. शिष्यवृत्ती याचसाठी असते.