स्नॉर्केलिंगला जाताय? आधी कान दाखवा

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतून नेऊन, डोळ्यांवर मास्क व तोंडात श्वासाची नळी देऊन समुद्रातले प्रवाळ आणि मासे दाखवतात. यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात. पोहता न येणारेही लाइफ जॅकेट घालून उतरतात. त्यामुळे रुग्ण विचारतात, "डॉक्टर, बुडणार नाही ना?" मी उलट विचारतो, "कान कधी वाहत होता का?"

वाहणाऱ्या कानाच्या पडद्याला पुष्कळदा छिद्र असते. त्यातून गार पाणी मधल्या कानात गेले, की आतल्या कानातील तोल सांभाळणारा भाग चाळवतो. एकाएकी गरगरते, उलटी होते, दिशा कळत नाही. तोंडात नळी असताना हे जिवावर बेतू शकते. कापसाचा बोळा समुद्रात भरवशाचा नाही. अशांनी होडीतूनच किल्ला पाहावा; तोही काही कमी देखणा नाही!

हृदयविकार, दमा, फिट्स असणाऱ्यांनीही आधी विचारावे. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीने झोप येते, हे गाईडला सांगावे. दारू पिऊन उतरूच नये.

परतल्यावर कान दुखल्यास घरातले जुने थेंब घालू नका. छिद्र असेल तर काही थेंबांनी ऐकूही कमी येऊ शकते.