रबरी बोटीचा ‘सेल्फ’ ऐन पुरात का रुसतो?

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांना समुद्र नाही. पूर मात्र चुकत नाही. जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीच्या पुरात अकोला शहरातील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा बळी गेला. अशा वेळी शोध व बचावाची भिस्त रबरी बोटीवर आणि तिच्या मागे बसविलेल्या ‘ओबीएम’वर, म्हणजे आउटबोर्ड मोटरवर असते. लहान मोटरी दोरी ओढून सुरू होतात. मोठ्या मोटरींना मात्र बटणावर चालणारा स्टार्टर, अर्थात मेकॅनिकच्या भाषेतला ‘सेल्फ’, असतो. वर्षातील आठ-दहा महिने गोदामात पडून राहिलेला हा सेल्फ नेमका पुराच्या दिवशीच दगा देतो.

त्याची रचना जीपच्या सेल्फपेक्षा फारशी वेगळी नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीतील वीज मुख्य स्विच व जाड वायरमधून सोलेनॉइडपर्यंत येते. किल्ली फिरवताच सोलेनॉइड आतील संपर्क जोडतो, स्टार्टर फिरतो आणि त्याचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये अडकून इंजिनाला गती देते.

बिघाड कुठे आहे, हे बऱ्याचदा कानानेच कळते. किल्ली फिरवूनही काहीच आवाज आला नाही, तर प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये आहे का ते पाहावे. गिअर पडलेला असताना सेल्फ लागू नये, अशी सुरक्षा योजना या मोटरींत असते. त्यानंतर मुख्य स्विच आणि फ्यूज. नुसता एकच ‘टक्’ आवाज आला किंवा ‘टकटक’ सुरू राहिली, तर सोलेनॉइड हलतो आहे, पण पुरेशी वीज मिळत नाही, असे बहुधा समजावे. सेल्फ घरघरतो पण इंजिन फिरत नाही, तर दातेरी चाक चिखलाने किंवा सुकलेल्या ग्रीसने अडकले असण्याची शक्यता मोठी. आणि इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर सेल्फला दोष देण्यात अर्थ नाही; चालकाच्या मनगटाला बांधायची सुरक्षा दोरी जागेवर लावायची राहिली आहे का, ते आधी पाहावे.

दुसऱ्या प्रकारातील बिघाड सर्वाधिक आढळतो आणि त्याचे मूळ बहुतेकदा बॅटरीत किंवा टर्मिनलवर असते. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उष्णतेत न वापरलेली बॅटरीही लवकर उतरते. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या क्षणी आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळला, तर बॅटरी निकामी होत आली आहे. आकडा टिकला आणि तरीही सेल्फ फिरला नाही, तर टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि सोलेनॉइड क्रमाने तपासावेत. टर्मिनलवरील पांढरट-हिरवट थर पॉलिश पेपरने घासून काढल्यावर अनेक ‘मेलेल्या’ मोटरी जिवंत होतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक पथ्य हवे. तेथील खाऱ्या विहिरीच्या पाण्याने मोटर धुतल्यास गंज वाढतो. त्यासाठी नळाचे गोडे पाणीच वापरावे.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये दोन मिनिटे विश्रांती द्यावी, नाही तर त्याचे वेटोळे जळते. मोटर पाण्यात बुडाली असेल तर सेल्फ मारूच नये. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

नदीच्या मध्यावर हे सारे तपासायला वेळ नसतो. त्यासाठी अनेक मोटरींसोबत आणीबाणीची दोरी दिलेली असते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, वरचे झाकण काढून ती फ्लायव्हीलच्या खाचेत गुंडाळायची आणि झटक्यात ओढायची. या पद्धतीत न्यूट्रलची सुरक्षा बहुधा काम करत नाही. त्यामुळे गिअर पडलेला राहिला, तर बोट एकदम उसळते आणि उभा असलेला माणूस पाण्यात फेकला जातो.