कीटकनाशक पाण्यात 'नाहीसे' होते, म्हणजे नेमके काय होते?

फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात शेतातील औषधाचा काही अंश ओहोळावाटे तळ्यात उतरतो. काही महिन्यांनी पाणी तपासले आणि मूळ औषध आढळले नाही, तर ते संपले असे आपण समजतो. प्रयोगशाळा मात्र तेवढेच सांगते, जेवढे आपण तिला विचारलेले असते. मूळ रेणू दिसेनासा झाला, तरी त्यापासून घडलेला दुसरा रेणू तेथेच असू शकतो.

एंडोसल्फान हे याचे आपल्या देशातील बोलके उदाहरण होय. कासरगोड जिल्ह्यातील काजूबागांवर हेलिकॉप्टरने झालेल्या फवारणीमुळे हे नाव सर्वदूर पोहोचले. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्पादन, विक्री व वापर यांस देशभर मनाई केली. पाण्यात गेलेल्या एंडोसल्फानपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. पाणी अल्कधर्मी असेल, तर पाण्याशीच अभिक्रिया होऊन एंडोसल्फान डायॉल हा बराच कमी विषारी पदार्थ तयार होतो. दुसऱ्या वाटेने माती व गाळातील सूक्ष्मजीव त्याचे ऑक्सिडीकरण करतात आणि एंडोसल्फान सल्फेट बनते. हे सल्फेट मूळ विषाच्याच तोडीचे, पण त्याहून अधिक टिकाऊ असते. म्हणूनच अवशेष मोजताना अल्फा, बीटा आणि सल्फेट या तिन्हींची बेरीज धरतात. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात दुपारी सामू वाढतो व पहिली वाट मोकळी होते. जांभ्या जमिनीवरील आम्लधर्मी पाण्यात ती मंदावते.

तळाच्या गाळात चित्र पालटते. वरचा पातळ थर सोडला, तर तेथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. अशा ठिकाणी डीडीटीच्या रेणूतील क्लोरीनचा एक अणू जाऊन त्याच्या जागी हायड्रोजन येतो व डीडीडी तयार होते. हवा खेळती असेल तेथे प्रामुख्याने डीडीई बनते, आणि ते दीर्घकाळ टिकते. डीडीडी तर एकेकाळी कीटकनाशक म्हणूनच वापरले जाई; कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकमध्ये १९४९ पासून चिलटांवर त्याचा वापर झाला आणि पुढे मासे खाणारे ग्रीब पक्षी मेले. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबवण्यात आला. आज एखाद्या गाळात डीडीई-डीडीडीपेक्षा मूळ डीडीटीच अधिक सापडले, तर ते अलीकडेच कोठून तरी आले असावे, असा संशय घेण्यास जागा असते.

सूक्ष्मजीव नेहमी वाईटच घडवतात असे मात्र नव्हे. फिलिपिन्समध्ये डायझिनॉन वारंवार वापरलेल्या भातखाचरांच्या पाण्यातून सेतुनाथन व योशिदा यांनी एक जिवाणू वेगळा केला व १९७३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो डायझिनॉन आणि पॅराथिऑन ही दोन्ही औषधे फोडत असे. सेतुनाथन यांनी पुढे कटकच्या भात संशोधन संस्थेतही पाणी साचलेल्या जमिनींतील कीटकनाशकांच्या विघटनावर काम केले. शेतकऱ्याच्या दृष्टीने याची दुसरी बाजू अशी की, तेच औषध पुन्हापुन्हा दिल्यास जिवाणू त्याला सरावतात आणि कीड मरण्यापूर्वीच औषध संपते.

हा विषय आता निकडीचा झाला आहे, कारण महाराष्ट्रात व तेलंगणात जुन्या तलावांचा गाळ काढून शेतात पसरवला जात आहे. सुपीकतेसाठी तो उत्तमच आहे. परंतु क्लोरीनयुक्त जुनी औषधे पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती गाळातील सेंद्रिय कणांना चिकटून राहतात. त्यामुळे पाण्याचा निर्दोष अहवाल गाळाबद्दल काहीच सांगत नाही. तलावाच्या पाणलोटात वर्षानुवर्षे कापूस किंवा भाजीपाला असेल, तर गाळ उचलण्यापूर्वी वरच्या आणि खोल थरांचे नमुने वेगवेगळे घ्यावेत, काचेच्या बरणीत, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावेत, आणि तपासणीच्या अर्जावर केवळ 'डीडीटी, एंडोसल्फान' असे न लिहिता डीडीई, डीडीडी व एंडोसल्फान सल्फेट यांचीही नावे घालावीत.