चार शेळ्यांचा मुरघास

भूमिहीनाच्या शेळीचा चारा दोनच वाटांनी येतो : गायरानातून, नाहीतर मजुरीच्या पैशातून. गायराने आक्रसत गेली तसा मजुरीवरचा भार वाढला. अशा घरी चारा कुजणे म्हणजे मजुरी बुडणे होय. मुरघासाची माहिती बहुधा मोठा गोठा समोर ठेवून दिली जाते. चार शेळ्यांच्या घरी तिचे माप बदलावे लागते, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे.

मुरघास म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा. मक्याचे दाणे दुधाळपणा सोडून पिठाळ होऊ लागले की कापणी करावी. त्या वेळी चाऱ्यात 65 ते 70 टक्के पाणी असते. 1 ते 2 सेंटिमीटरची कुट्टी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत थराथराने दाबून भरावी व तोंड घट्ट बांधावे. हवा नसली की काही जीवाणू चाऱ्यातील साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. या आंबटपणामुळे कुजण्याची क्रिया थांबते. सुमारे 45 दिवसांत मुरघास तयार होतो.

खरा धोका पिशवी उघडल्यावर असतो. हवा लागताच यीस्ट हे आम्ल खाऊ लागते, चारा तापतो, बुरशी धरते. शेळीमागे रोज किलोभर मुरघास धरला, तर 50 किलोची पिशवी चार शेळ्यांना बारा दिवस पुरेल. पण त्याआधीच ती बिघडेल. 12 किलोची पिशवी तीन दिवसांत संपते. म्हणून पिशव्या लहानच भराव्यात. रोज चारा काढल्यावर आतली हवा दाबून काढावी व तोंड पुन्हा बांधावे. उंदराने पाडलेले भोक त्याच दिवशी चिकटपट्टीने बुजवावे.

चांगला मुरघास पिवळसर हिरवा व आंबूस वासाचा असतो. काळा, बुळबुळीत किंवा बुरशीचा मुरघास टाकून द्यावा. आंबटपणा कमी पडलेल्या चाऱ्यात लिस्टेरिया नावाचा जीवाणू वाढतो. त्याने शेळी गाभडते, किंवा मान वाकडी करून गोल फिरते व दगावते. तो दुधातून माणसालाही बाधू शकतो. म्हणून दूध उकळूनच प्यावे.

मक्यात प्रथिने कमी असतात. सोबत शेवरी-सुबाभळीचा पाला व थोडा कोरडा चारा हवाच. मुरघासाचे प्रमाण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. तो धार काढल्यानंतर घालावा, म्हणजे दुधाला वास लागत नाही.

कडबाकुट्टीचे यंत्र एकट्याला परवडत नाही. वस्तीतील पाच-सात घरांनी ते मिळून घ्यावे, चारा एकाच दिवशी आणून पिशव्या भराव्यात. ही जुळवाजुळव मात्र कुणीतरी पुढे होऊन केली पाहिजे.