मालकाची वही : पुड्याचा भाव की मजुरी?

भविष्य निर्वाह निधीचा हिशेब आज मांडायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर गेला. हजेरी कोणाची धरायची, या गेल्या वेळच्या मुद्द्यावर एका ठेकेदार वाचकाने जे विचारले आहे, ते ओलांडून पुढे जाता येत नाही. त्यांचे म्हणणे असे : तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, येणारा माणूस माझा कामगार कसा? तो आपल्या मर्जीने जंगलात जातो, घरची माणसे सोबत नेतो, सत्तर पानांचे पुडे बांधून आणतो आणि मी पुड्याला भाव देतो. हजेरी नाही, वेळ नाही. ही सरळ खरेदी आहे.

युक्तिवाद नीटनेटका आहे, पण त्यांच्याच वहीपुढे तो टिकत नाही. ग्रामसभेची पाने घेणारा ठेकेदार दोन रकमा मोजतो : तोडणाऱ्याला मजुरी आणि ग्रामसभेला रॉयल्टी. पाने तोडणाऱ्याची असती तर रॉयल्टीचा प्रश्नच उरला नसता. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपत्ता गौण वनोपजात धरला, आणि सामूहिक हक्क मिळालेल्या गावात त्यावर गावाचा हक्क आला. मग तोडणाऱ्याने विकले काय? फक्त आपले श्रम. ते नगावर मोजले म्हणून मजुरीचे रूप बदलत नाही. नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाचा आधार १९४८ च्या कायद्याच्या १७ व्या कलमात होता, आणि वेतन संहितेनेही तो ठेवला आहे.

पंधरवड्याच्या हंगामाला कसली आली जबाबदारी, असे कोणी म्हणेल. ग्रॅच्युइटीपुरते ते खरे. तिथे वर्षे मोजतात. अपघात मात्र वर्षे मोजून येत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा वेळी वनविभाग भरपाई देतो, हे ठीक. पण ती वन्यप्राण्याच्या हल्ल्याची भरपाई आहे. गावची बाई सरपणाला गेलेली असली तरी ती मिळते. कामावर असताना जीव गेला, याचे उत्तर ती देत नाही. ते काम ज्याच्यासाठी चालले होते, त्यालाच द्यावे लागेल, असे माझे मत आहे.

आणि ठेकेदारच नसेल तर? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेने २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती आल्यावर आपल्या बांबूची विक्री स्वतः केली. तिथे मालक तोच मजूर. मग आपलीच माणसे, त्यांची नोंद कशाला? नोंद त्यासाठीच हवी. नफा साऱ्या गावाचा होतो, कुऱ्हाड मात्र एकाच्याच पायावर बसते. त्या एकाचा भार साऱ्यांनी उचलायचा तर तो कामावर होता हे आधी कागदावर असले पाहिजे. म्हणून ठेकेदार असो वा ग्रामसभा, फळीवरच्या वहीत कुटुंबप्रमुखाच्या नावाने पुडे मांडून थांबू नये; त्या पहाटे जंगलात कोण कोण गेले, त्या प्रत्येकाचे नाव लिहावे. पुढच्या आठवड्यात निधीचा हिशेब याच नावांपासून सुरू करू.